बॅटरी तांदळाच्या डब्यात

४ जानेवारी, रविवार

चिंचेची फांदी गेली. माझ्या मांडीएवढी जाड. सकाळी होती. मोऱ्याच्या धक्क्यावरून मासळीची टोपली रिकामी करून आले तर नाही. खाली पाला आणि तुडवलेल्या चिंचा, आता कुठे गाभुळायला लागल्या होत्या. लाकूड पण जागेवर नाही. फांदीला पाय फुटले काय?

आणि वर ही हिरा. माझी धाकटी जाऊ. आमची दारं समोरासमोर, मधे चिंच, आणि दोघींचं बोलणं कधीपासून बंद. तिच्या निलेशच्या लग्नात मला शेवटच्या पंगतीला बसवलं तेव्हापासून. आज बोलली. बोलली काय, तर "माझेकडं काय बघतंस? गावान मशीन कोनाची हाय?"

एवढ्या वर्षांनी तोंड उघडलं ते हे बोलायला.

॥ एकवीरा आई प्रसन्न ॥ हे वर घालायचं असतं. रागात राहिलं.

गो. घे. (गोळी घेतली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या रोज लिहा, विसरता तुम्ही. मी काहीच विसरत नाही, पण लिहिते.)

५ जानेवारी, सोमवार

हिराचं ते वाक्य रात्रभर कानात. मशीन कोनाची. माझी. मग?

गेल्या पावसाळ्यातल्या वादळात माड न्हाणीवर पडला. कापायला माणूस बोलावला, तो उद्या येतो म्हणाला, मग परवा म्हणाला, मग फोन उचलेना. आम्ही तोवर पडद्यामागे आंघोळ करत होतो. शेवटी माझ्या पोराला, प्रकाशला म्हटलं, मागव ती चेनची करवत, बॅटरीवाली, मोबाईलवर दाखवली होतीस ती. तो हसला. मशीन आल्यावर माड मी कापला, तो हसायचा थांबला.

दोन्ही हातांनी धरायची. टोकाने कापायचं नाही, टोक लागलं की उलटी अंगावर येते. माझं लुगडं कासोट्याचं, त्यामुळे पदर-निऱ्या चेनमध्ये जायची भीती नाही. सहावारीवाल्यांनी हात लावू नये. धक्क्यावरच्या बाया पहिल्यांदा खिदळल्या, आता कोणाचा शेवगा पडला, कोणाचा मांडवाचा बांबू कापायचा, की माझ्याकडेच येतात. मशीन एकटी कुठे जात नाही. मशीन जाईल तिथे मी जाईन. एरवी ती माझ्या खाटेखाली, आणि बॅटरी काढून तांदळाच्या डब्यात, तळाला, फडक्यात. बॅटरीशिवाय ती करवत म्हणजे नुसतं खेळणं.

म्हणून आज पहिलं काम, डब्यात हात घातला. बॅटरी आहे. बटण दाबलं. चारही दिवे. भरून ठेवली तशी.

म्हणजे माझी मशीन नाही. हिरानेच कोणाला तरी आणलं. पण पेट्रोलची मशीन आणली असती तर तिचा भोंगा अख्ख्या आळीला ऐकू गेला असता. कोणी काही ऐकलं नाही.

सुनेला विचारलं. वैशाली घरातच होती. "आई, मी टीव्ही लावला होता."

दिवसा? हिला दिवसा टीव्ही लागला की डोकं दुखतं.

गो. घे.

६ जानेवारी

उरणात नगरपालिकेच्या ऑफिसात गेले. तक्रार दिली. झाडं तोडायला परवानगी लागते एवढं मला कळतं.

टेबलावरचा पोरगा म्हणाला, "कोणावर संशय?"

"हिराबाई. माझी जाऊ."

"तुम्ही बघितलं का संशय आहे?"

"संशय लिहा. पण ठळक लिहा."

लिहिलं. मी अंगठा नाही दिला, सही केली. चौथीपर्यंत गेलेय. माणूस येऊन बघून जाईल म्हणाला.

घरी सांगितलं तर प्र. भडकला. (प्र. म्हणजे प्रकाश. सारखं पूर्ण लिहून हात दुखतो.) "कनाला गेलीस, आये? घरचा भांडन हापिसान नेलास!" आजवर या पोराने चिंचेकडे मान वर करून बघितलं नव्हतं. चिंचा मी पाडते, मी फोडते, मी मीठ लावून विकते. आज त्याला झाडाचा एवढा पुळका, का ऑफिसचा एवढा धाक? जानेवारीत कपाळावर घाम.

लक्षात ठेवते.

९ जानेवारी, शुक्रवार

थंडी. बाटलीतलं खोबरेल पांढरं झालंय.

प्र. द्रोणागिरीच्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो, तिथली मोडकी पॅलेटं घरी टाकतो. बंबाला आणि चुलीला तेवढं लाकूड पुरतं. आज कापायला काढली. मशीनला चेनसाठी तेल लागतं. सोबत आलेली बाटली संपली तेव्हा प्र. म्हणाला होता गाडीचं इंजिन ऑईल घाल. मी म्हटलं, त्या लाकडावर मी बोंबील तळणार, काळं तेल पोटात जायला नको. तेव्हापासून खोबरेल घालते. सगळे हसले. मशीनने काही तक्रार केली नाही. थंडीत गोठतं, मग उन्हात ठेवायची थोडा वेळ, झालं.

तर उन्हात ठेवली आणि तेलाच्या खिडकीतून बघितलं. अर्धं. मी गळ्यापर्यंत भरलं होतं, नाताळच्या सुट्टीत. तेव्हापासून मी मशीन चालवलेली नाही. खाली गोणपाट अंथरलेलं, ते कोरडं. गळलं नाही.

चेन पण ढिली. मी कधी ढिली ठेवत नाही.

प्र.ला विचारलं. हसला. "आये, बॅटरी तुझे डब्यान. मशीन चालंल कशी? भूत लागला काय तिला?"

बरोबर बोलला. म्हणूनच मला झोप नाही. आणि हसला ते जरा जास्तच.

१० जाने.

आज लिहायला काही नाही. वै. (वैशाली, तिचंही आता एवढंच) फोन घेऊन मागच्या दारी जाते. मी गेले की "ठेवते हां". कोणाचा? "माहेरचा, आई."

गो. राहिली. दुपारी घे.

१२ जानेवारी, सोमवार

आज सकाळी आणखी थंडी. हिरा बाजारात गेली बघून मी चिंचेच्या पलीकडच्या बाजूला गेले. तिच्या हद्दीत पाय टाकला, हो. फांदी कापली ती जागा खांद्याच्या उंचीवर. कापलेल्या तोंडावर करवतीचे चरे, आणि चऱ्यांमध्ये पांढरं काही तरी. मला वाटलं चीक. चिंचेला असला चीक येत नाही. बोटाने पुसलं. मऊ. बोटाच्या उबेने विरघळलं. आजूबाजूला मुंग्यांची रांग.

वास घेतला. माझ्या डोक्यासारखा.

खोबरेल.

आख्ख्या उरण तालुक्यात करवतीला खोबरेल घालणारी बाई एकच आहे आणि ती मी.

घरी येऊन बसले. तिला चोर म्हणून लिहून दिलं, ठळक. आणि चोरी माझ्या खाटेखालून निघाली. कोणाला सांगितलं नाही. आधी कळू दे, चालवली कशी.

१४ जानेवारी

संक्रांत. हिराकडून तिळगूळ आला, वै.च्या हातून. ही तिकडे कधी जायला लागली? खाल्ला. तिळाचा काय दोष. बोलले नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

काल दुपारी स्वयंपाकघरातल्या फळीचा स्क्रू मी सुरीने ढिला केला. सगळे डबे खाली घेतले आधी, मग ढिला केला. फळी लोंबकळली. आज वै.ला म्हटलं, निलेशला बोलाव, त्याच्याकडे ड्रिल आहे. निलेश म्हणजे हिराचा मुलगा. द्रोणागिरीच्या नव्या टॉवरांमध्ये पडदे, पंखे, किचनच्या ट्रॉल्या बसवतो, त्याचं ड्रिल बॅटरीवर चालतं. वै.ला आश्चर्य वाटायला पाहिजे होतं, आमच्यात बोलणं नाही. तिने लगेच फोन लावला. नंबर शोधावा पण लागला नाही.

आला. "काकी, तुमी बोलावलंत? मना वाटला स्वप्न पडला."

"फळी बसव. स्वप्न नंतर बघ."

बसवली. चांगली बसवली, खोटं कशाला बोलू. ड्रिल खाली ठेवून चहा प्यायला ओट्याशी गेला. मी ड्रिल बघितलं. रंग तोच. खालची बॅटरी तीच, पाठीला तीच खाच. काढली. खाटेखालून मशीन ओढली. घातली. खट्.

दोन्ही हातांनी धरली आणि चालवली.

नि. कप घेऊन धावत आला. चहा अर्धा अंगावर. "काकी! बंद करा! लागंल!"

"लागली तर लागली. तुझी बॅटरी माझे मशीनला कशी बसली रे?"

"एक कंपनी... सगल्याना चालते... काकी, म्हनजे..."

"म्हनजे काय?"

तो माझ्याकडे बघेना. वै.कडे बघत होता. वै. भिंतीकडे.

"प्रकाशदादाला विचारा," म्हणाला आणि ड्रिल उचलून गेला. बॅटरी माझ्या मशीनला तशीच राहिली.

बघते येतो का न्यायला.

मी तांदूळ राखत बसले आणि बॅटरी दुसऱ्या दारातून आली. मूर्ख मी. पण एकदाच.

१७ जाने.

बॅटरी न्यायला आला नाही.

प्र. रात्रपाळीवर आहे. घरी येतो, झोपतो, जातो. मी विचारलं नाही अजून. नि.ने एकट्याने केलं असेल, वै.ने मशीन दिली असेल, असंही असू शकतं. प्र.ला माहीत नसेल. असू शकतं.

गो. घे.

१८ जानेवारी, रविवार

मटण आणायला सलीमकडे. त्याच्या बापापासून आमचं मटण तिथूनच. बघते तर खाटकी ओंडका नवा कोरा. चिंचेचा. मासे असो की मटण, तोडायला चिंचेसारखं लाकूड नाही, फुटत नाही, कुसकरत नाही.

"सलीम, ओंडका नवा?"

"तुमचेच घरचा ना, आजी. पोरांनी टेम्पोन आनून दिला."

"कंच्या पोरांनी?"

"दोघांनी. प्रकाश न् निलेश." मग सुरा पुसत म्हणाला, "मना लय बरा वाटला, आजी. भाव-भाव बोलायला लागले परत. दोघांना चाय पाजली मी."

मी म्हटलं अर्धा किलो दे, चरबी काढून.

ओंडक्याच्या कडेला हात लावून बघितला, जाताना. कशाला लावला माहीत नाही.

घरी वै.ला समोर बसवलं. आधी रडली. रडणं संपेपर्यंत मी मटण धुतलं. मग बोलली. बिल्डर आलाय. दोन्ही घरं एकत्र दिली तर घेतो, एकेक नको. मधे झाड उभं असलं की परवानगीचं लफडं, झाड वाळलेलं असलं तर नाही. म्हणून एकेक फांदी. झाड आपोआप वाळलं म्हणायचं. माझी मशीन, नि.ची बॅटरी. माझी बॅटरी भरलेली राहिली की माझा संशय बाहेर जाईल.

गेला की. ऑफिसापर्यंत गेला.

"आई, टॉवरमध्ये लिफ्ट असते. चोवीस तास पाणी. मी पण माणूस आहे, मला धड न्हाणी पाहिजे. तुमच्या गुडघ्यांना पण..."

"माझे गुडघे कोणी मधे आणले?"

ती पडद्यामागे आंघोळ करत होती ते दिवस मला आठवतात. तिचं सगळंच चूक असं मी म्हणत नाही. पण माझे बोंबील मी सातव्या मजल्यावर कुठे वाळवू? बाल्कनीत? खालच्यांच्या नाकाखाली? आणि माझी पुरी जागा, माझं दार, मला न विचारता?

मटण खारट झालं. सगळ्यांनी गुपचूप खाल्लं.

१९ जानेवारी

प्र. उठल्या उठल्या गाठला. पाळीवरून आलेल्या माणसाला जेवू द्यावं, मी नाही दिलं.

"आये, नुसता छाटला."

"छाटलेला लाकूड सलीमकडं कनाला गेला?"

त्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"न् हिराचा नाव मी लिवून दिला, तवा तू गप्प कनाला बसलास?"

तेव्हा जे बोलला ते लिहून ठेवते. आवाज चढवला नाही. भाताच्या टोपाकडे बघत बोलला. "तुमी दोघी भांडतच असता, आये. तुला वाटनार तिनी तोडली. तिला वाटनार तू तोडली. आमच्यावर कोन बघनार होता?"

खरं आहे. इतकी वर्षं मी तिच्या दारावर डोळा ठेवून होते, ती माझ्या. मधे कोणी बघितलंच नाही.

मी ताट घेतलं. भात वाढला.

२० जानेवारी, मंगळवार

मशीन उचलली आणि हिराकडे गेले. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. आळीतल्या बाया दारात आल्या, काही तरी बघायला मिळेल म्हणून.

हिरा मागे सरकली. "मशीन घेऊन आलीस? मारतंस काय मना?"

"तुला मारायला मशीन कनाला पायजे? वास घे."

"कसला?"

"चेनचा. घे."

घेतला. मग तिला चिंचेजवळ नेलं, कापलेल्या तोंडाशी. तिथला घेतला. परत चेनचा घेतला. हिराला नाक चांगलं आहे, शिळा बांगडा ती टोपलीवरचं फडकं न उचलता ओळखते.

"बोल्ले होते ना," म्हणाली. "मशीन तुझीच."

"हां. न् बॅटरी तुझी."

तिला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. तिला नि.ने सांगितलं होतं की काकीने बिल्डरला होकार दिलाय, आपण एकटे राहू. मला वै. सांगणार होती की हिराने सही केली. कागद अजून कोणीच केला नाही. दोघींना एकच थाप, नाव बदलून.

हिरा खाली बसली. मग म्हणाली, "ये, तुला दाखवते." बुंध्याच्या तिच्या बाजूला, मुळांच्या जरा वर, मातीने लिंपलेले ठिपके. तिला वाटलं होतं भुंगा लागला. मी काडीने माती काढली. आत गोल भोक. सरळ, गुळगुळीत, बोटभर आत. भुंगा असं सरळ जात नाही. भुसा नाही, उलट ओलसर, आणि नाकात घुसणारा वास. संडास धुवायच्या ॲसिडसारखा.

फळी बसवायला जे ड्रिल आलं होतं तेच.

पलीकडे आणखी भोकं होती. वरचा पाला एका अंगाने पिवळा आहे, तो मी थंडीचा समजत होते.

"तुझा प्रकाश शिकवनारा," हिरा म्हणाली.

"तुझा निलेश करनारा."

बराच वेळ दोघी तेच ते बोललो. मग तिने चहा केला. पाणचट. तिच्या चहाला चव कधीच नव्हती. प्यायले.

मग भोकांत पाणी ओतत बसलो, कळशीने. उपयोग होईल का नाही, माहीत नाही. मोऱ्याचा एक म्हातारा म्हणतो चुना भरा, दुसरा म्हणतो शेण. दोन्ही भरलं. अजूनही हिरावर माझा पुरा भरवसा नाही. तिचाही माझ्यावर नाही, कारण मी कळशी भरायला गेले तेव्हा तिने मशीन पदराखाली ओढून घेतली होती.

गो. विसरले. खरंच विसरले.

२१ जानेवारी

ऑफिसातून वै.च्या फोनवर फोन. परवा सकाळी माणूस येतोय, फांदी बघायला, आणि "ज्यांच्यावर संशय त्या हिराबाई" यांनी हजर राहावं.

प्र. म्हणतो, तक्रार मागे घे, आये, गैरसमज झाला म्हणून सांग. नि. पण संध्याकाळी दारात उभा होता, आत आला नाही. "काकी, झाड जगंल. आमी परत नाय करनार." बॅटरी मागायची हिंमत झाली नाही त्याची.

दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवू? नाही ठेवत.

वै.चा आज टीव्ही बंद होता.

२२ जानेवारी, गुरुवार

सकाळी दोघी मिळून बघून आलो. पिवळा पाला कालच्यापेक्षा वाढलाय, असं हिरा म्हणते. मला तेवढाच वाटला. खालच्या फांदीवर दोन-तीन कोवळी पानं आहेत, ती आधीची का आत्ताची, आमचं जमलं नाही. ती म्हणाली आत्ताची, मी म्हटलं आधीची. वाद झाला.

माझी बॅटरी आज तांदळात नाही. कुठे आहे ते इथेही लिहीत नाही. नि.ची हिराकडे आहे. मशीन माझ्याकडे.

गो. घे.

उद्याचं आत्ताच लिहून ठेवते, वै.कडून मोठ्याने वाचून घेईन, सगळ्यांसमोर. तक्रार मी मागे घेणार नाही. हिराचं नाव मी काढेन, कारण ते मीच घातलं. तो माणूस आला की वै.ने पुढे यायचं नाही, पाणी द्यायचं आणि आत जायचं. मी बोलणार नाही. हिरा बोलणार नाही, तिला सांगितलंय, तोंडात पान ठेव. प्रकाश आणि निलेश चिंचेखाली उभे राहतील, एकाच्या हातात मशीन, एकाच्या हातात बॅटरी. काय केलं, कशाने केलं, कोणासाठी केलं, सगळं त्यांनीच सांगायचं. आधी प्रकाशने. तो मोठा आहे.